एकट्या माणसालाही अर्ज करता येऊ द्या

प्रति,
शेती अवजारांच्या अनुदानाच्या याद्या ठरवणारे, नवोपक्रमांच्या स्पर्धा भरवणारे आणि पेटंटच्या कायद्यात बदल सुचवणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला. आयटीआयचा टर्नर. सातपूरच्या कारखान्यांत बावीस वर्षं लेथवर काम केलं, मग गावी परतून रस्त्याकडेला शेड टाकली. एक जुनं लेथ मशीन, ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि हाताखाली एक पोरगा. ट्रॉलीचे हुक, रोटाव्हेटरची पाती, द्राक्षबागेतल्या ब्लोअरची मोडलेली ब्रॅकेटं यांवर घर चालतं. पण २०१६ पासून माझा जीव एकाच वस्तूत गुंतला आहे. कांद्याची पात कापायचं, पायाने चालणारं यंत्र.

मागच्या महिन्यात एका नवोपक्रम स्पर्धेची जाहिरात वाचली. विषय होता शेतीतली छोटी अवजारं. मुलीला शेजारी बसवून फॉर्म भरायला घेतला. तिसऱ्या रकान्यात कंपनीचा नोंदणी क्रमांक मागितला होता, आणि तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. फोन केला. पलीकडची मुलगी नीट बोलली. म्हणाली, "काका, यंदापासून व्यक्तींचे अर्ज घेत नाहीत. कंपनी करून या." नियम तिने केलेला नाही, म्हणून तिच्याशी वाद घातला नाही. ज्यांनी केला त्यांच्यासाठी हे पत्र आहे. आणि माझ्यासारखे जे आपापल्या शेडमध्ये काहीतरी घडवत बसले आहेत, त्यांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

आधी काम काय आहे ते सांगतो, कारण याद्या आणि नियम करणाऱ्या सगळ्यांनीच ते जवळून पाहिलेलं असेल असं नाही.

आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्चअखेर काढणीला येतो. पातीच्या माना पडल्या की कांदा उपटायचा, वाफ्यातच एकाची पात दुसऱ्यावर झाकून सुकवायचा, आणि मग बायकांची टोळी पात कापायला बसते. उकिडवं बसून, डाव्या हातात कांदा आणि उजव्या हातात विळा. कापताना इंचभर मान ठेवावी लागते. मान मुळाशी कापली गेली तर कांदा साठवायच्या चाळीत त्या कापाच्या वाटेने सड शिरते, आणि फार लांब ठेवली तर प्रतवारीच्या वेळी पुन्हा हात लावावा लागतो. दिवस वर आला की ऊन सोसवत नाही, म्हणून टोळ्या पहाटे अंधारातच वावरात येतात. अंधारात विळा चालतो तेव्हा तो पात कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं हे बघत नाही. माझी आई अशीच दुसऱ्याच्या वावरात कांदा कापायला जायची. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या कापांचे पांढरे वळ होते. म्हातारपणी तिचे गुडघे इतके धरले होते की चुलीपुढून उठताना तिला भिंत लागायची. हे यंत्र मी तिच्यासाठी करायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आधी ती गेली.

पहिलं मॉडेल मोटारीचं होतं. दोन रबरी रूळ पात ओढून घ्यायचे आणि पातं ती कापायचं. वेग चांगला आला, पण रूळ पातीबरोबर कांद्याची वरची सालही ओढायचे. साल गेलेला कांदा चाळीत टिकत नाही. शिवाय वावरात वीज आणायची कुठून? वर्षभराची मेहनत बाजूला ठेवली. दुसरं मॉडेल पायाचं केलं. खालचं पातं स्थिर, वरचं पॅडलने खाली येणारं आणि स्प्रिंगने परत जाणारं. पातं पॉवर हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचं, केबल सायकलच्या ब्रेकची. ते शेजारच्या वावरात नेलं तर टोळीच्या मुकादम मावशींनी पाच मिनिटं चालवून पाय काढून घेतला. म्हणाल्या, "भाऊ, हे उभ्या माणसाचं मशीन झालं. दिवसभर एका पायावर कोण उभं राहीन?"

त्या एका वाक्याने माझी दोन वर्षं घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पाठीला टेकू असलेलं बसायचं स्टूल आलं. पॅडल दोन्ही पायांना चालेल असं झालं. टोळीत एक डावखुरी मुलगी होती, तिच्यासाठी पात्याची चौकट बोल्ट काढून उलटी बसवता येईल अशी केली. पात्यांवर जाळीचं गार्ड बसवलं, म्हणजे पात आत जाते पण बोट जात नाही. शेवटी मानेचा प्रश्न उरला. त्यासाठी पात्याच्या अलीकडे खाच असलेली पट्टी लावली. कांदा पट्टीला टेकला की मान आपोआप खाचेत बसते, आणि पाय दाबला की काप बरोबर इंचावर पडतो. मोजावं लागत नाही, बघावंही लागत नाही. आम्ही तिला मानपट्टी म्हणतो. वेग विळ्याइतकाच आहे, त्याहून फार जास्त नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. फरक संध्याकाळी कळतो. बाई उठताना गुडघ्यावर हात ठेवत नाही.

यंत्र घडवणं अवघड होतं, पण ते माझ्या हातातलं होतं. त्यापुढचं काहीच माझ्या हातात नव्हतं, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका कृषी प्रदर्शनाच्या आयोजकांनी मला बोलावलं. स्टॉल अर्ध्या दरात दिला. मी आनंदाने यंत्र घेऊन गेलो, चार दिवस चालवून दाखवलं, खोलून आतली रचनाही दाखवली आणि अकरा नग विकले. लोकांनी फोटो काढले, व्हिडिओ काढले. नऊ महिन्यांनी पेटंटचा विषय काढला तेव्हा एजंटने पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कुठे दाखवलंय का?" अर्ज करण्याआधी वस्तू उघडपणे दाखवली किंवा विकली तर ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनापुरती सवलत आहे आणि वर्षभराची मुदतही आहे. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या मैदानात मांडव घालून भरणारी आमची प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. म्हणजे पॅडल, स्प्रिंग, उलटी होणारी चौकट आणि गार्ड हे सगळं मी माझ्याच हाताने मोकळं करून टाकलं होतं. मानपट्टी तेवढी उरली, कारण ती प्रदर्शनानंतर सुचली होती.

स्टॉलची पावती फाडताना माझा आधार क्रमांक घेतला, जीएसटीचा प्रश्न विचारला, अग्निसुरक्षेच्या कागदावर सही घेतली. "नवी वस्तू असेल तर आधी अर्ज करा, मग दाखवा," एवढं एक वाक्य त्या कागदावर असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती.

दुसरी गोष्ट भाषेची. पेटंटचा अर्ज आपल्या देशात इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत अख्खा महाराष्ट्र आणि गोवा येतो, तरी मराठीत अर्ज चालत नाही. सरकारी फी जास्त आहे अशी माझी तक्रार नाही. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये पडतात, ते मी हसत भरले. खर्च झाला तो माझं मराठी दुसऱ्याच्या इंग्रजीत उतरवण्याचा. एजंटने ३५,००० रुपये घेतले. त्याने लिहिलेले दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतो ते सांगणारी वाक्यं, मी वाचले, पण मला ते उमगले नाहीत. पेटंटमध्ये सगळं बळ दाव्यांत असतं. वर्णन कितीही लांब लिहा, हक्क मिळतो तो दाव्यात जेवढं मांडलं तेवढ्यावरच. माझ्या पहिल्या दाव्यात त्याने मानपट्टीबरोबर 'स्प्रिंगने परतणारं पातं' असंही घातलं. मानपट्टीला स्प्रिंगशी काही देणंघेणं नाही. मला तो मसुदा मराठीत कळला असता तर मी तिथेच बोट ठेवलं असतं.

त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. मधे आणखी एक प्रकार घडला, त्याबद्दल कुणी जाहीरपणे बोलत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर मला फोन यायला लागले. एका संस्थेने 'जागतिक पेटंट' काढून देतो म्हणून सांगितलं, परदेशी कंपन्यांशी गाठ घालून देण्याचं आश्वासन दिलं, आणि ४५,००० रुपये घेतले. बदल्यात माझ्या यंत्राच्या फोटोची रंगीत पुस्तिका आली आणि चमकदार कागदावरचं एक प्रमाणपत्र आलं. जागतिक पेटंट नावाची वस्तू जगात अस्तित्वात नाही. एक आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण शेवटी ज्या ज्या देशात हक्क हवा तिथे तिथे स्वतंत्र फी भरून तो मिळवावाच लागतो. ही माहिती दोन ओळींची आहे. अर्ज प्रसिद्ध होतो त्याच दिवशी अर्जदाराला त्याच्या भाषेत या दोन ओळींचा संदेश गेला, तर अनेकांची जमापुंजी वाचेल. माझे पैसे परत आले नाहीत.

२०२२ मध्ये परीक्षणाचा अहवाल आला. आक्षेप कलम ३(एफ)चा होता. माहीत असलेल्या भागांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी केली आणि प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध धरला जात नाही, असं ते कलम सांगतं. कलमामागचा हेतू मला पटतो. कुणीही उठून दोन जुन्या वस्तू एकत्र बांधल्या आणि वीस वर्षांचा हक्क मागितला तर तो देऊ नये. पण वर्कशॉपमधले बहुतेक शोध असेच असतात. जुन्या भागांतून नवं काम निघतं. सुनावणीत मानपट्टी आणि पातं एकमेकांवर अवलंबून आहेत, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, हे पटवून देण्यात आम्हाला यश आलं. २०२४ मध्ये पेटंट मिळालं. त्याबरोबर मागच्या वर्षांची नूतनीकरण फीही एकरकमी भरली.

तोपर्यंत बाजारात नक्कल येऊन चार हंगाम झाले होते.

माझं यंत्र २,८०० रुपयांना, नक्कल १,६०० रुपयांना. पत्रा पातळ, स्टूल नाही, गार्ड नाही. मानपट्टी मात्र जशीच्या तशी. स्प्रिंगच्या जागी त्यांनी मागच्या बाजूला वजन टांगलं आहे. तेवढ्या बदलाने त्यांचं यंत्र माझ्या दाव्याच्या बाहेर जातं, असं वकिलाने सांगितलं. आणि समजा बाहेर जात नसेल, तरी पुढची वाट कशी आहे? पेटंटचा खटला जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल होत नाही. समोरच्याने पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. एका लेथवर घर चालवणारा माणूस तिथे किती तारखा उभा राहू शकेल?

पैशाचं दुःख मी गिळलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्याच भागात त्या बिनगार्डच्या यंत्रात एका मुलीच्या बोटाचं पेर गेलं. ज्या जखमेतून बायकांची सुटका व्हावी म्हणून मी हे यंत्र केलं, तीच जखम माझ्या कल्पनेच्या नकलेने तिला दिली. मी तिला भेटायला गेलो होतो. तिच्या वडिलांनी मला चहा दिला. हे यंत्र मूळ माझं आहे हे त्यांना माहीत होतं, तरी ते एक शब्द वावगं बोलले नाहीत. त्या घरातून उठल्यापासून मला नीट झोप नाही. हे पत्र त्या मुलीसाठीही आहे.

आता अनुदानाचं. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. यादीतल्या अवजारांवर शेतकऱ्याच्या वर्गानुसार साधारण ४० ते ५० टक्के अनुदान मिळतं, आणि शेतकरी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करतो. योजना चांगली आहे, आमच्या गावातच तिने कितीतरी ट्रॅक्टरांमागे रोटाव्हेटर लावले. पण आज शेतकरी माझ्या शेडमध्ये आला की किंमत विचारण्याआधी विचारतो, "यादीत आहे का?" यादीत यायचं तर अधिकृत केंद्राचा तपासणी अहवाल हवा. मी एका केंद्राकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं की पायाने चालणाऱ्या पात कापणी यंत्रासाठी तपासणीचे निकष ठरलेले नाहीत, त्यामुळे तपासणी करता येत नाही. निकष कोण ठरवणार, असं विचारलं. उत्तर मिळालं की मागणी आली तर ठरतील. मागणी कोण करणार, तर उत्पादकांची संघटना. ज्या वस्तूचा देशात मी एकटाच मूळ उत्पादक आहे तिची संघटना कुठून आणू? वस्तू नवी आहे म्हणून निकष नाहीत, निकष नाहीत म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून ती यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून शेतकरी घेत नाही. जुन्या वस्तूची सुधारलेली आवृत्ती या वाटेने पार होते. खरोखर नवी वस्तू पहिल्याच पायरीवर अडते.

आणि आता हा कंपनीचा नियम. केंद्राची स्टार्टअप मान्यता खासगी मर्यादित कंपनीला मिळते, एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला, मिळते, नोंदणीकृत भागीदारीला मिळते. एकल मालकीला, म्हणजे एकट्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याला, मिळत नाही. त्या मान्यतेवर पुढचं बरंच काही टांगलेलं आहे. पेटंटसाठी सरकारी खर्चाने मिळणारा साहाय्यक, खर्चाचा परतावा, स्पर्धा, सरकारी कामाचा पहिला आदेश. कंपनी करायची म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रं, सीएची फी. विक्री होवो न होवो, हा खर्च चुकत नाही. वर्षाला चाळीस-पन्नास नग विकणाऱ्याने हा भार कशासाठी घ्यायचा? माझ्याकडे उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. तेही सरकारनेच दिलेलं आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून सरकार मला ओळखतं, बँक ओळखते, वीज मंडळ औद्योगिक दराने बिल पाठवतं. फक्त नवं काही घेऊन आलो की मी कुणीच नसतो.

आपल्या मातीत एकट्या माणसाने शोध लावणं नवीन नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेले डॉ. शंकर आबाजी भिसे लंडनला गेले आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडणारं यंत्र त्यांनी तिथे घडवलं. तिथे दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तरी भांडवलाची ओढाताण सुटली नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. त्या काळी परकं राज्य होतं, आपल्या कारागिराला हात द्यायला सरकार बांधील नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे मात्र आपल्या काळातले. थोडक्या शेतात लोंब्या निवडून निवडून त्यांनी एचएमटी हे भाताचं वाण उभं केलं. ते राज्याच्या सीमा ओलांडून गेलं, त्या नावाने पोती विकली गेली. जून २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या अखेरच्या आजारपणातल्या हलाखीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या.

दादाजींचा विषय काढला तो आणखी एका कारणाने. पिकाच्या वाणासाठी आपल्याकडे २००१ चा कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने वाण नोंदवता येतो आणि नोंदणीची फी माफ आहे. कंपनी करून या, असं तो कायदा शेतकऱ्याला म्हणत नाही. बियाण्याच्या बाबतीत या देशाने एकट्या माणसाचा हक्क मानलेला आहे. मग अवजाराच्या बाबतीत का मानू नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत, निधीत आणि पेटंट साहाय्याच्या योजनेत उद्यम नोंदणी असलेल्या एकल मालकाला, आणि तीही नसेल तर आधार कार्डावर व्यक्तीला, अर्ज करू द्या. बक्षीस किंवा काम मिळाल्यावर कंपनी हवी असेल तर तेव्हा सहा महिन्यांची मुदत द्या.

दोन. पेटंटचा अर्ज मराठीत घ्या. त्याला कायद्यात बदल लागणार असेल आणि वेळ जाणार असेल, तर तोवर प्रत्येक जिल्ह्यात एक जाणकार माणूस नेमा. शासकीय तंत्रनिकेतनात बसवा किंवा कृषी विज्ञान केंद्रात, पण आठवड्यातला एक दिवस त्याने बाहेर पडून वर्कशॉप आणि वावरं फिरावीत. प्रा. अनिल गुप्ता आणि हनी बी नेटवर्कच्या लोकांनी गावोगाव पायी शोधयात्रा काढून कितीतरी कारागीर शोधले. २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या मुळाशी तेच काम आहे. कुणी दारात आलं की आमच्यासारखा माणूस बोलतो. फॉर्मपुढे आम्ही गप्प होतो. एजंटने लिहिलेले दावे या जाणकाराने अर्जदाराला मराठीत समजावून सांगावेत आणि त्यानंतरच सही व्हावी.

तीन. कृषी प्रदर्शनाच्या स्टॉलच्या अर्जावर 'आधी पेटंट अर्ज, मग प्रदर्शन' ही सूचना मराठीत ठळक छापणं आयोजकांना बंधनकारक करा. राज्य सरकार आणि कृषी विद्यापीठं भरवतात ती प्रदर्शनं कलम ३१ खाली अधिसूचित व्हावीत, यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा.

चार. लहान शोधांसाठी लहान हक्क द्या. जर्मनीत १८९१ पासून अशी पद्धत आहे. चीनमध्येही आहे. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि नोंदणी लवकर होते. आपल्या केंद्र सरकारने २०११ मध्ये यावर चर्चापत्र काढलं होतं, पण कायदा आजही झालेला नाही. हा हक्क मला दोन वर्षांत मिळाला असता तर पहिल्या नकलेलाच मी नोटीस पाठवली असती. काही जाणकार म्हणतात की अशा हक्कामुळे किरकोळ गोष्टींवरही मालकी सांगितली जाईल आणि भांडणं वाढतील. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून मुदत पाच वर्षांची ठेवा, आणि फक्त व्यक्ती व सूक्ष्म उद्योगांसाठी ठेवा, पण सुरुवात करा.

पाच. ज्या अवजाराला तपासणीचे निकष नाहीत, त्याचा अर्ज परत पाठवू नका. अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत तात्पुरते निकष ठरवा. ते ठरवताना इंजिनिअरांबरोबर ते अवजार चालवणाऱ्या दोन मजूर बायकाही समितीत असू द्या आणि त्यांना त्या दिवसांची मजुरी द्या. माझ्या यंत्रातली सर्वांत मोठी चूक इंजिनिअराने नाही, मुकादम मावशींनी दाखवली होती.

सहा. पातं असलेलं कोणतंही अवजार गार्डशिवाय विकायला बंदी करा. ही मागणी माझ्या पेटंटसाठी नाही. उद्या कुणीही माझं यंत्र बनवलं तरी चालेल, पण त्यावर जाळी असली पाहिजे.

सात. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर आणि कृषी विज्ञान केंद्रांत अशा नव्या अवजारांचे दहा-दहा नग विकत घेऊन एक हंगाम वापरा आणि निकाल जाहीर करा. वाईट असेल तर वाईट लिहा. तो कागद आम्हाला कुठल्याही ढालीपेक्षा आणि प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल. बँकही तो बघून कर्ज देईल.

या स्पर्धेची अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. कंपनी क्रमांकाचा रकाना ऐच्छिक करणं हे एका दिवसाचं काम आहे. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मला समजतं, पण हे एवढं या आठवड्यात करता येईल.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे काढणी सुरू होते. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी पहाटे साडेपाचला वावरात यावं. विळा आणि यंत्र दोन्ही ठेवलेलं असेल. एक तास विळ्याने कापून बघा, मग एक तास यंत्राने. मुकादम मावशींना मी सांगून ठेवलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक टर्नर
निफाड तालुका, जि. नाशिक